माझ्या वाट्याचे इंग्रजी शब्द

५ मार्च २००६, रविवार. मी सोसायटीच्या कंपाउंडमध्ये खुर्च्या मांडत होते.

महिला दिनाचा कार्यक्रम संध्याकाळी होता. मांडववाला दुपारीच खुर्च्या गेटशी टाकून गेला होता. एकात एक घट्ट बसलेल्या प्लास्टिकच्या खुर्च्या. त्या ओढून सोडवायच्या, पुसायच्या, रांगेत लावायच्या. हे काम मला कुणी दिलं नव्हतं. अलका मॅडमच्या इंग्रजीच्या वर्गाला मी पहिल्या रविवारी लवकर पोचले आणि नुसतं उभं काय राहायचं म्हणून खुर्च्या मांडल्या. दुसऱ्या रविवारी सगळ्या जणी आल्या आणि खुर्च्यांपाशी माझी वाट बघत उभ्या राहिल्या. तेव्हापासून ते माझं काम.

अलका मॅडम जिन्यावरून उतरल्या. हातात नवा फूलझाडू, प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला. माझ्या हातात दिला.

"हा धर. मुद्दाम नवा आणलाय, वापरलेला नाही. आणि साडी जरा वर खोच. तुला काय गं, अ‍ॅक्टिंगसुद्धा करावी लागणार नाही."

तोरण बांधणाऱ्या बायका हसल्या. माझ्या समोरच्या फ्लॅटमधली वैशाली म्हणाली, "मला मात्र पुष्कळ करावी लागणार हो मॅडम. मी कुठे जिमला जाते!" पुन्हा हसल्या.

नाटुकलं इंग्रजीत होतं. अलका मॅडमनीच लिहिलेलं. वैशाली घरची मालकीण, मी कामवाली बाई.

मी हसले नाही. झाडू फेकलाही नाही. प्लास्टिक काढलं, झाडू स्टेजच्या कडेला उभा केला आणि खुर्च्या पुसत राहिले. कारण दुसऱ्या दिवशी सकाळी आईला डॉक्टरकडे न्यायचं होतं. अलका मॅडम बरोबर येणार होत्या. त्या आल्या नाहीत तर डॉक्टरशी बोलणार कोण?

माझ्या गप्प बसण्याचं तेवढं एकच कारण होतं. ते नीट सांगते.

मी भाईंदरजवळच्या मुर्ध्याची, मिठागरांच्या गावची. मुर्ध्याची म्हटलं की पुढचं लोक स्वतःच ठरवतात. मीठ, मासे, वास. आई मिठागरात राबली. हंगामाच्या आधी वाफ्यातला चिखल पायांनी तुडवून घट्ट करायचा असतो. जमीन सिमेंटसारखी बसली पाहिजे, नाहीतर मीठ मातकट येतं. ते काम अनवाणीच होतं. चप्पल घालून चिखल तुडवता येत नाही. मग मीठ धरलं की टोपल्या डोक्यावर. खारं पाणी पायाच्या भेगांत जातं. सुरुवातीला झोंबतं. पुढे झोंबायचं थांबतं. आईच्या तळव्यांना खडा टोचलेला कळत नसे आणि ती ते कौतुकाने सांगायची.

मिठागर बंद पडलं. मी तोवर भाईंदर पूर्वेला स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात पॅकिंगला लागले होते. पॅकिंगवरून सुपरवायझर झाले. पोचे तपासणं, खोकी भरून घेणं, वीसेक बायकांना कामाला लावणं. नवरा टेम्पो चालवतो, दिवसभर वसई-ठाणे. आम्ही तिथेच जेसल पार्कला वन रूम किचन घेतलं आणि आईला घेऊन आले. मुर्ध्याहून जेसल पार्क काही परदेश नाही. पण बिल्डिंगमध्ये बरीचशी घरं दादर-गिरगावहून आलेली. शिकलेली, नोकरीवाली माणसं. मराठीच. आमच्या 'हाय-न्हाय'ला हसणारी मराठी माणसं.

आईला साखरेचा आजार निघाला. नंतर डाव्या पायाच्या अंगठ्याशेजारच्या बोटाला जखम झाली. तिला कळलंच नाही. फरशीवर डाग दिसले तेव्हा मला कळलं.

"मना दुखत न्हाय," ती म्हणाली. दुखत नव्हतं हेच वाईट होतं.

मोठ्या डॉक्टरकडे जायचं ठरलं तेव्हा अलका मॅडम आपणहून बरोबर आल्या. त्या शाळेतून निवृत्त झालेल्या. म्हणाल्या, असल्या डॉक्टरांशी इंग्रजीत बोललं की ते नीट लक्ष देतात. मला खरंच बरं वाटलं होतं. बाई वाईट नव्हती. कुणाच्याही अडीअडचणीला पहिली धावायची. वाईट असती तर मला सगळं कळायला एवढा वेळ लागला नसता.

डॉक्टरच्या केबिनमध्ये टेबलासमोर दोन खुर्च्या होत्या. एकीवर अलका मॅडम बसल्या, एकीवर आई. मी मागे उभी. डॉक्टरने आईचा पाय स्टुलावर घेतला आणि बोलायला लागला. आईचा पाय हातात आणि नजर अलका मॅडमकडे. सगळं इंग्रजीत. मला अधूनमधून एखादा शब्द लागायचा, डायबेटिस, शुगर, ड्रेसिंग. मध्येच त्याचा मोबाइल वाजला. त्याने उचलला आणि म्हणाला, "हो आई. नाही, उशीर होईल. तू जेवून घे, गोळी विसरू नकोस." स्वच्छ मराठी. फोन ठेवला आणि परत इंग्रजी. मध्ये एकदा दोघं काहीतरी बोलून हसले. आईनेही हसून घेतलं.

बाहेर आल्यावर आईने विचारलं, "काय बोलला गो तो?"

अलका मॅडम म्हणाल्या, "काही विशेष नाही मावशी. पट्टी रोज करायची, गोळ्या घ्यायच्या, अनवाणी फिरायचं नाही."

एवढं लांबलचक बोलणं आणि त्याचं एवढंसं मराठी. मी विचारलं, अजून काही म्हणाले का? त्या म्हणाल्या, तुम्हाला हवं तेवढं सांगितलं.

त्या दिवशी मी ठरवलं की हे शब्द आपल्याला आले पाहिजेत. अलका मॅडम सोसायटीच्या ऑफिसात दर रविवारी बायकांसाठी वर्ग घेत. रोजचं इंग्रजी, आरोग्य आणि राहणीमान या विषयावर. मला हवं होतं तेच. मी नाव घातलं.

शिकवायची त्यांची पद्धत चांगली होती. फळ्यावर शब्द लिहायच्या, मग दोघींना उभं करून संवाद करायला लावायच्या. डॉक्टर आणि पेशंट. जिममधला ट्रेनर आणि मेंबर. मालकीण आणि बाई. कुणी काय व्हायचं ते त्याच सांगत. मी पहिल्या रविवारी पेशंट झाले. दुसऱ्या रविवारी बाई. तिसऱ्या रविवारी पेशंटची आया. मला वाटलं, पाळी येईल. पाळी आली नाही. एकदा मीच म्हटलं, आज मी डॉक्टर होते. त्यावर म्हणाल्या, "अगं, तुला ते वाक्य लांब पडेल."

वर्गात माझ्याच वयाच्या बायका त्यांना 'अहो वहिनी' होत्या. मी 'अगं' होते.

हळूहळू मला दुसरंच दिसायला लागलं. शब्द वाटले जात होते. वैशालीला, बाकीच्यांना मिळायचे डाएट, कॅलरी, स्ट्रेस, रिलॅक्स, मॉर्निंग वॉक, मी-टाइम. मला मिळायचे फिव्हर, लूज मोशन, वीकनेस, लीव्ह आणि सॉरी. त्यांना थकवा आला की तो स्ट्रेस. मला थकवा आला की वीकनेस, आणि त्यापुढे लगेच सॉरी. आजार माझ्या वाट्याला, लाइफस्टाइल त्यांच्या. एकाच फळ्यावरून, एकाच तासात. मी कारखान्यात दिवसभर उभी असते. माझ्या कमरेला स्ट्रेस हा शब्द चालला असता.

पण मी सगळे शब्द पाठ केले. माझ्या वाट्याचे आणि त्यांच्याही. खोकी बांधताना तोंडातल्या तोंडात म्हणायची. पॅकिंगच्या पोरी चिडवायच्या, "ताई, कुणाला शिव्या घालताय?" शरीराचे अवयव, जखम, पट्टी, काळजी, निष्काळजी, कापणं, वाचवणं. मला डॉक्टरचं बोलणं पकडायचं होतं. मोठेपणा नको होता.

तर तो रविवार.

संध्याकाळी कंपाउंड भरलं. बिल्डिंगमधल्या सगळ्यात वयस्कर बाईचा गुलाबाचं फूल देऊन सत्कार करायचं ठरलं होतं आणि ती माझी आई निघाली. तिने ठेवणीतलं पातळ नेसलं, केसांत अबोली घातली, पट्टीच्या पायात माझी सैल चप्पल. पहिल्या रांगेत बसली. अलका मॅडमच्या घरी काम करणारी शांताबाई मागे टेबलाशी पोहे वाढत होती. खरी बाई पोहे वाढत होती आणि मी खोटी बाई व्हायला स्टेजच्या कडेला झाडू धरून उभी होते. हे मला त्याच वेळी दिसलं आणि विचित्र वाटलं. बाईच्या कामाची मला लाज नाही. माझी मावशी आयुष्यभर भाईंदर पश्चिमेला धुणीभांडी करत होती, आमच्या घरात तिच्याच शब्दाला किंमत होती. पण शांताबाईला कुणी म्हटलं नाही की तू मालकीण हो. आणि मला कुणी विचारलं नाही की तू काय होतेस.

नाटुकल्याआधी अलका मॅडमनी भाषण केलं. वर्गात काय शिकवलं ते लोकांना कळावं म्हणून इंग्रजीत. सोपं, सावकाश, वर्गात बोलायच्या तसं. हेल्दी लाइफस्टाइल म्हणजे काय ते सांगितलं. मग म्हणाल्या, आता अनहेल्दी लाइफस्टाइलचं उदाहरण. लांब जायला नको.

"इन अवर ओन बिल्डिंग, वुई हॅव वन ओल्ड लेडी. ऑल हर लाइफ शी वॉक्ड बेअरफूट इन द सॉल्ट पॅन्स. ड्राय फिश, नो हायजीन, नो अवेअरनेस. नाऊ शी हॅज डायबेटिस. अँड द डॉक्टर सेज, दे मे हॅव टु कट हर टो."

बोलता बोलता त्यांनी हात पहिल्या रांगेकडे केला.

सगळ्यांनी माना वळवल्या. कुणी आईच्या तोंडाकडे बघितलं, बाकीच्यांनी पायाकडे. च्च च्च झालं. आईला वाटलं, सत्कार सुरू झाला. ती अर्धवट उठली, पदर सारखा केला आणि सगळ्यांना हात जोडले. हसत.

मला प्रत्येक शब्द कळला. ह्याच बाईने शिकवले होते. टो म्हणजे पायाचं बोट. कट म्हणजे कापणं. डॉक्टर म्हणाला होता, बोट कापावं लागू शकतं. आईला माहीत नव्हतं. मला माहीत नव्हतं. आता सगळ्या बिल्डिंगला माहीत होतं.

माझ्या डोक्यात एकच चाललं होतं, उद्या सकाळी ही बाई बरोबर येणार. आत्ता काही बोललीस तर येणार नाही. आईच्या पायाचा प्रश्न आहे. गप्प राहा.

नाव पुकारलं. मी झाडू घेऊन स्टेजवर गेले.

वैशाली गळ्यात टॉवेल, हातात पाण्याची बाटली घेऊन आली. म्हणाली, आय अ‍ॅम बॅक फ्रॉम माय जिम, आय फील सो फ्रेश. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी झाडायला लागले. पुढचं तिचं वाक्य, काल का आली नाहीस? माझं वाक्य, सॉरी मॅडम, आय हॅड फिव्हर. मग ती म्हणणार, यू पीपल मस्ट कीप क्लीन. मग मी म्हणायचं, थँक यू मॅडम, आय विल कीप क्लीन.

वैशालीने विचारलं, "व्हाय यू डिड नॉट कम यस्टरडे?"

मी झाडायची थांबले.

तिने परत विचारलं. मी समोर आईकडे बघत होते. तिच्या हातात गुलाबाचं फूल होतं, भाषण संपल्याबरोबर सत्कार उरकला होता. ती माझ्याकडे बघून मान हलवत होती. बोल, बोल. तिला वाटत होतं मी विसरले.

खालून अलका मॅडम दबक्या आवाजात म्हणाल्या, "सॉरी मॅडम. अगं, सॉरी मॅडम म्हण."

मी म्हटलं, "आय हॅड फिव्हर."

त्या परत म्हणाल्या, "सॉरी आधी."

मी त्यांच्याकडे वळले. "आय वॉज सिक," मी म्हटलं. "व्हाय सॉरी?"

वैशाली बाटली धरून तशीच उभी. मी झाडू स्टेजवर आडवा ठेवला, उतरले, आईला हाताला धरून उठवलं आणि जिन्याकडे निघाले.

अलका मॅडम मागून आल्या. जिन्याशी गाठलं.

"एवढं मनाला लावून घेण्यासारखं काय होतं? खेळ होता."

मी विचारलं, बोट कापायचं कधी म्हणाले डॉक्टर?

त्यांनी जिन्यावर कुणी आहे का बघितलं. मग म्हणाल्या, "तुम्ही घाबरून गेला असता. तुमच्या लोकांत लगेच रडारड होते. मी वेळ बघून सांगणारच होते."

"आईला नाही सांगितलंत. माइकवर सांगितलंत."

"मी तुमच्यासाठी दवाखान्यात येऊन बसते, ते विसरलीस?"

"नाही विसरले."

"मग उद्या तूच जा. बघू काय बोलतेस."

त्या गेल्या. तेवढ्यात शांताबाई ताटल्या घेऊन बाजूने चालली होती. थांबली. मला वाटलं काहीतरी धीराचं बोलेल. तिने विचारलं, "तो झाडू कुणाचा हाय? कुणाला नको असंल तर मी नेते. नवा हाय." मी म्हटलं, ने.

घरी आईला खाटेवर बसवलं, पट्टी सोडली आणि सांगितलं. शब्द गोल न करता. डॉक्टर बोट कापावं लागू शकतं म्हणालाय.

"कवा बोलला?"

"आपण गेलो होतो तेव्हाच."

आईने बोटाला हात लावून बघितलं. मग म्हणाली, "म्हंजे त्या बाया माज्या पायाला बगत व्हत्या. मी हात जोडले."

मी जखम धुतली आणि नवी पट्टी बांधली.

सोमवारी सकाळी कारखान्यात फोन करून उशिरा येते म्हणून कळवलं. सॉरी म्हटलं नाही. रिक्षा केली. केबिनमध्ये आईला एका खुर्चीवर बसवलं आणि दुसऱ्या खुर्चीवर मी बसले.

डॉक्टरने माझ्या मागे बघितलं. "मॅडम नाही आल्या?"

"पेशंट आलीय," मी म्हटलं.

तो पट्टी सोडून बघायला लागला आणि सवयीने इंग्रजीत बोलला. इन्फेक्शन, टो, वेट, सर्जरी. मला कळत होतं. सगळं नाही, पण पुरेसं. मी त्याला थांबवलं. म्हटलं, मला थोडं कळतंय. पण पेशंट ही आहे. हिला कळेल असं सांगा.

तो म्हणाला, "टेक्निकल गोष्टी मराठीत अवघड होतात."

मी म्हटलं, "तुम्ही तुमच्या आईशी फोनवर बोलता ना, तसं बोला."

त्याचा चेहरा लाल झाला. मला वाटलं आता बाहेर काढतो. आम्ही दोघी उठलो नाही. बाहेर पेशंट खोकत होते. शेवटी त्याने खुर्ची आईकडे फिरवली. पहिल्यांदाच तिच्या तोंडाकडे बघितलं.

"आजी," तो म्हणाला, "बोटात सड आहे. ती वर सरकली तर पाय जाईल. म्हणून बोट कापायचं म्हणतोय."

आईने पाय स्टुलावरून काढून घेतला आणि स्वतःच्या हातात धरला. "न कापता ऱ्हाईल का न्हाय, ता पयला सांग. पाय माजा हाय."

त्याने सांगितलं. कदाचित राहील, कदाचित नाही. आठ दिवस इंजेक्शनं देऊन बघू, मग ठरवू. ह्या वेळी तो बराच वेळ बोलला आणि सगळं मराठीत बोलला. मराठी अजिबात अवघड पडली नाही त्याला. मला इंग्रजी येत नव्हती हे खरं. पण त्याला मराठी येत होती. आजवर भिंत म्हणून जिच्यापुढे मी उभी राहिले ती भिंत नव्हतीच. ते दार होतं आणि ते आतून लावलेलं होतं.

बोट वाचेल की नाही ते त्या सकाळी कुणालाच माहीत नव्हतं. फक्त आता ते आईच्या पाठीमागे ठरणार नव्हतं.

घरी आलो तेव्हा अलका मॅडम खाली दूधवाल्याशी बोलत होत्या. आईच्या पायाकडे बघितलं, मग माझ्याकडे. म्हणाल्या, "मग? रविवारपासून वर्ग बंद ना तुझा?"

आई पहिली पायरी चढत होती. मी तिचा हात सोडला नाही.

"येणार आहे मी," मी म्हटलं. "सगळे शब्द शिकायचे आहेत मला. पण खुर्च्या मांडणार नाही. माझी मी घेईन."

मग आईला वर नेलं, तिच्यासमोर चहा-भाकरी ठेवली आणि कामावर गेले.